भातातील गुणसूत्रांची संख्या पिढ्यानुपिढ्या कायम कशी राहते : आडुतुरै येथील वाणांच्या आधारे

कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या मार्गावर आडुतुरै हे गाव लागते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील या गावी १९२२ मध्ये भात संशोधन केंद्र सुरू झाले. आज ते तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीतील तमिळनाडू भात संशोधन संस्था या नावाने ओळखले जाते. मराठी वाचकाला हा मुलूख सर्वस्वी परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तंजावर येथे भोसल्यांची राजवट होती आणि या परिसरात मराठी बोलणारी घराणी आजही आढळतात. भात उत्पादकाला मात्र हे गाव ‘एडीटी’ या अक्षरांमुळे माहीत असते. एडीटी २७, एडीटी ३७, एडीटी ३९, एडीटी ४३, एडीटी ४५ हे सारे वाण या केंद्राने दिलेले आहेत.

या वाणांची उंची, कालावधी, दाण्याचा आकार आणि कीड-रोगांना तोंड देण्याची शक्ती ही वेगवेगळी आहे. एडीटी ३७ चा दाणा आखूड व जाड, तर एडीटी ४३ चा बारीक. तरीही यांपैकी कोणत्याही वाणाच्या मुळाच्या टोकाची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली असता तीत २४ गुणसूत्रेच दिसतात. मावळातील इंद्रायणीमध्येही २४ आणि शंभर वर्षांपूर्वीच्या स्थानिक वाणांमध्येही २४. भातातील ही संख्या जपानी संशोधक कुवादा यांनी १९१० मध्ये नोंदविली. त्यानंतर जगभर हजारो संकर झाले, परंतु लागवडीखालील भाताची गुणसूत्रसंख्या बदललेली नाही.

वरवर पाहता ही गोष्ट अडचणीची वाटते. बीज तयार होण्यासाठी नर आणि मादी अशा दोन पेशी एकत्र येतात. दोन्ही पेशींत प्रत्येकी २४ गुणसूत्रे असती, तर पुढील पिढीत ४८, त्यापुढील पिढीत ९६ झाली असती आणि दहाव्या पिढीत हा आकडा २४,५७६ वर गेला असता. तसे घडत नाही, याचा अर्थ मीलनापूर्वीच कोठेतरी संख्या निम्मी होत असली पाहिजे. जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमन यांनी १८८७ मध्ये केवळ तर्काच्या आधारे हे प्रतिपादन केले. त्याआधी चार वर्षे, म्हणजे १८८३ मध्ये, एडुआर्ड व्हान बेनेडेन यांनी घोड्याच्या आतड्यातील जंताचे निरीक्षण करून दाखविले होते की, फलित अंड्यातील चार गुणसूत्रांपैकी दोन मादीकडून आणि दोन नराकडून आलेली असतात. ज्या विशेष विभाजनामुळे ही संख्या निम्मी होते, त्याला अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात.

पोटरीच्या आत घडणारी क्रिया

रोपाची वाढ होताना, फुटवे फुटताना, पाने लांबताना जे पेशीविभाजन होते ते सूत्री विभाजन. त्यात २४ गुणसूत्रांच्या पेशीपासून २४ गुणसूत्रांच्याच दोन पेशी तयार होतात. अर्धगुणसूत्री विभाजन मात्र वनस्पतीच्या संपूर्ण आयुष्यात केवळ फुलातच आणि तेही अगदी थोड्या काळासाठी घडते. भातामध्ये ही वेळ पोटरीची असते. लोंबी अद्याप शेवटच्या पानाच्या आवरणात लपलेली असताना, ती बाहेर पडण्यापूर्वी साधारण १० ते १२ दिवस, परागकोशांतील मातृपेशींमध्ये हे विभाजन सुरू होते. शेतातून फिरणाऱ्याला बाहेरून पोटरी किंचित फुगल्याखेरीज काहीच जाणवत नाही.

२४ ही संख्या प्रत्यक्षात १२ जोड्यांची असते. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र मातृरोपाकडून आणि दुसरे पितृरोपाकडून आलेले असते. विभाजनापूर्वी प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब प्रत तयार होते आणि मूळ गुणसूत्र व त्याची प्रत एकमेकांना एका बिंदूपाशी जोडलेली राहतात. त्यानंतर जोडीतील दोन्ही गुणसूत्रे एकमेकांना लगटून येतात, काही ठिकाणी आपले तुकडे परस्परांत बदलतात आणि मग वेगळी होऊन पेशीच्या विरुद्ध टोकांकडे जातात. या पहिल्या विभाजनातच २४ ची संख्या १२ वर येते. दुसऱ्या विभाजनात केवळ मूळ व प्रत विलग होतात, संख्या १२ च राहते. विद्यार्थी आणि कधीकधी प्रशिक्षकही येथे गोंधळतात व संख्या दुसऱ्या विभाजनात निम्मी होते असे सांगतात, म्हणून हा क्रम ध्यानात ठेवणे बरे.

येथे ‘निम्मी’ या शब्दाचा नेमका अर्थ समजून घ्यावा लागतो. चोवीसांतील कोणतीही बारा गुणसूत्रे उचलली जातात असे नाही. बारा बैलजोड्या उभ्या आहेत आणि प्रत्येक जोडीतील एक बैल एका वाड्यात व दुसरा दुसऱ्या वाड्यात पाठवायचा आहे, अशी कल्पना करावी. दोन्ही वाड्यांत बारा-बारा बैल तर पोहोचतातच, शिवाय प्रत्येक वाड्यात प्रत्येक जोडीचा एकेक प्रतिनिधीही असतो. डावा बैल कोणत्या वाड्यात जाईल हे मात्र ठरलेले नसते. एखादी जोडी न सुटता दोन्ही बैल एकाच वाड्यात शिरले, तर तेथे तेरा आणि दुसरीकडे अकरा होतात. भातात अशी चूक क्वचित होते. तेरा गुणसूत्रांच्या अंडपेशीपासून २५ गुणसूत्रांचे रोप तयार होते. बारा जोड्यांपैकी कोणते गुणसूत्र जादा आहे त्यानुसार अशा रोपांचे बारा प्रकार होतात. डॉ. गुरुदेव खुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत आयआर ३६ या वाणापासून असे बाराही प्रकार मिळविले आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. केवळ एक गुणसूत्र जास्त असल्याने रोपाची ठेवण बदलते, हे त्यांत डोळ्यांनी दिसते. संख्या काटेकोरपणे जपली जाण्याचे महत्त्व किती, हे यावरून कळते.

परागकोशातील एका मातृपेशीपासून १२ गुणसूत्रांच्या चार पेशी मिळतात आणि चारही परागकण होतात. मादी बाजूस अंडाशयातही चार पेशी तयार होतात, पण त्यांतील तीन नष्ट होतात आणि उरलेल्या एकीपासून भ्रूणकोश व त्यातील अंडपेशी घडते. परागकणातील १२ आणि अंडपेशीतील १२ एकत्र आले की २४ गुणसूत्रांचा युग्मनज तयार होतो. तेथून पुढे पुन्हा सूत्री विभाजन सुरू होते.

संख्या तीच, पण आशय वेगळा

पैदासकाराच्या दृष्टीने खरा विषय येथून सुरू होतो. संख्या टिकविणारे हेच विभाजन गुणधर्मांची नवी मांडणीही करते. बारा जोड्यांतील कोणते गुणसूत्र कोणत्या बाजूस जाईल हे स्वतंत्रपणे ठरत असल्याने, तुकड्यांची अदलाबदल बाजूला ठेवली तरी, एका संकरित रोपापासून ४,०९६ प्रकारचे परागकण मिळू शकतात. अंडपेशींचेही तितकेच प्रकार. अदलाबदल धरली तर या संख्येला व्यवहारात मर्यादाच उरत नाही.

एडीटी ४३ हा वाण आयआर ५० आणि सुधारित व्हाइट पोन्नी यांच्या संकरातून निवडला गेला व १९९८ मध्ये प्रसारित झाला. लवकर येणे आयआर ५० कडून आणि बारीक दाणा पोन्नीकडून घ्यावा, असा या जोडीमागील हिशेब सहज लक्षात येतो. असा संकर करताना आदल्या दिवशी सायंकाळी मातृरोपाच्या फुलोऱ्याचे टोक कापून सहाही पुंकेसर काढले जातात, लोंबीवर पिशवी घातली जाते आणि दुसऱ्या दिवशी फुले उमलण्याच्या वेळी पितृरोपाचे पराग त्यावर झटकले जातात. हाती येणारे बी २४ गुणसूत्रांचे असते. त्यापासून वाढलेल्या पहिल्या पिढीतील सर्व रोपे एकसारखी दिसतात. दुसऱ्या पिढीत मात्र उंच-बुटकी, लवकर-उशिरा येणारी, जाड-बारीक दाण्याची अशी सर्व प्रकारची रोपे उभी राहतात. पैदासकार त्यांतून निवड करतो.

भात स्वपरागित असल्यामुळे दर पिढीला जोडीतील असमानता निम्म्याने घटते. दुसऱ्या पिढीत ५० टक्के, तिसऱ्या पिढीत २५ टक्के, आणि सातव्या पिढीत दीड टक्क्याच्या आसपास ती उरते. जोडीतील दोन्ही गुणसूत्रे एकसारखी झाली की कोणते कोणत्या वाड्यात गेले याने काही फरक पडत नाही. वाण ‘स्थिर झाला’ असे म्हणतात त्याचा अर्थ हाच आहे. गुणसूत्रसंख्या पहिल्या पिढीपासून स्थिरच होती. त्यानंतरच्या सहा-सात पिढ्यांत स्थिर होतो तो जोड्यांमधील आशय.

आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळ येथे निवडलेला इंद्रायणी हा वाण याच मार्गाने आला. इंद्रायणी किंवा एडीटी ४३ चे बियाणे शेतकऱ्याला घरी राखता येते, ते या स्थैर्यामुळे. भातात नैसर्गिक परपरागण एक टक्क्याहून कमीच असते. बीजोत्पादनाच्या क्षेत्राभोवती तीन मीटर अंतर राखणे, भेसळीची रोपे फुलोऱ्यापूर्वी उपटणे आणि साधारण तीन हंगामांनंतर बियाणे बदलणे एवढी काळजी त्यास पुरते.

संकरित भाताचे बियाणे राखल्यास काय होते

आडुतुरै आणि कर्जत या दोन केंद्रांमध्ये एक अनपेक्षित नाते आहे. आडुतुरैचा एडीटीआरएच १ आणि कर्जतचा सह्याद्री हे दोन्ही संकरित वाण १९९८ मध्ये आले आणि दोहोंची मादी एकच आहे, आयआर ५८०२५ ए. पहिल्याचा नर आयआर ६६, तर दुसऱ्याचा बीआर ८२७-३५. म्हणून पुढील विवेचन दोन्हीकडील शेतकऱ्यांना सारखेच लागू पडते.

संकरित भाताचे राखलेले बी पेरले असता पीक मिसळ दिसते आणि उत्पादन घटते. त्याचे कारण सांगताना ‘संकरित बियाण्यात गुणसूत्रे कमी होतात’ किंवा ‘बियाण्याची शक्ती संपते’ असे बोलले जाते. हे बरोबर नाही. राखलेल्या बियाण्यातही २४ गुणसूत्रे असतात आणि ते उत्तम उगवते. फरक असा की, संकरित रोपाच्या जोड्यांतील दोन्ही गुणसूत्रे वेगवेगळी असतात. शेतकरी जे बी राखतो ती दुसरी पिढी होय आणि पैदासकाराच्या वाफ्यात जी विविधता हवी असते तीच शेतकऱ्याच्या शेतात नुकसान करते. एका खाचरात कापणीला तयार झालेली आणि अद्याप हिरवी रोपे शेजारी शेजारी उभी राहतात.

याखेरीज आणखी एक कारण आहे आणि विस्तार कार्यकर्त्याने ते अवश्य सांगावे. आयआर ५८०२५ ए या मादीमध्ये पराग वांझ असतात. हा दोष गुणसूत्रांत नसून पेशीद्रव्यात असतो आणि पेशीद्रव्य नेहमी मातेकडून येते. संकरित रोपाचे पराग सुपीक राहतात, कारण नराकडून आलेल्या गुणसूत्रांवर सुपीकता परत आणणारी जनुके असतात. पुढच्या पिढीत पेशीद्रव्यातील दोष सर्व रोपांत उतरतो, परंतु ती जनुके सर्वांना मिळत नाहीत. काही रोपांच्या लोंब्या त्यामुळे पळींजाने भरतात. शेतकरी त्याचा दोष खताला, पाण्याला किंवा किडीला देतो.

दाण्यात तीन प्रकारचा हिशेब

भाताच्या एकाच दाण्यात गुणसूत्रांचे तीन वेगवेगळे हिशेब एकत्र नांदतात. बाहेरचे तूस मातृरोपाचा भाग असते आणि त्यात मातेची २४ गुणसूत्रे असतात. आतील अंकुराचा भाग म्हणजे नव्या पिढीचे रोप, त्यातही २४, पण १२ मातेची व १२ पित्याची. उरलेला पांढरा भाग, जो आपण तांदूळ म्हणून खातो, तो भ्रूणपोष. परागकणातून दोन नरपेशी येतात. एक अंडपेशीशी मिळते, दुसरी भ्रूणकोशातील दोन केंद्रकांशी. बारा, बारा आणि बारा अशी भ्रूणपोषातील संख्या ३६ होते. अंकुर वाढताना भ्रूणपोष अन्न म्हणून संपून जातो, त्यामुळे ही ३६ ची संख्या पुढील पिढीत जात नाही.

याचा परिणाम थेट ताटात दिसतो. संकरित भाताच्या शेतातून आलेला तांदूळ हा भ्रूणपोष असल्याने तो पुढील पिढीचा असतो. त्याच्या दोन पालकांत पिठूळपणाचे गुण भिन्न असतील, तर एकाच पोत्यातील काही दाणे मऊ आणि काही मोकळे शिजतात. पालकांपैकी एक सुवासिक असेल, तर साधारण चौथा हिस्सा दाणे सुवासाचे आणि बाकीचे बिनवासाचे निघतात. शेतात एकसारखे दिसणारे पीक शिजवल्यावर एकसारखे का नसते, हा प्रश्न व्यापाऱ्यांकडून विचारला जातो, त्याचे उत्तर येथे आहे. म्हणूनच संकरित भाताचे दोन्ही पालक निवडताना दाण्याची गुणवत्ता शक्यतो सारखी ठेवली जाते.

निम्मे होणे जमत नाही तेव्हा

आडुतुरैच्या आसपास भाताच्या खाचरांना लागून केळीच्या बागा आहेत. त्यातील पूवन असो वा जळगावकडील ग्रँड नैन, दोन्हींत ३३ गुणसूत्रे असतात, म्हणजे अकरांचे तीन संच. तिघांच्या जोड्या लागत नाहीत. अर्धगुणसूत्री विभाजनात गुणसूत्रे वेडीवाकडी विखुरतात व सुपीक युग्मके जवळजवळ तयारच होत नाहीत. खाण्याच्या केळ्यात बी नसते याचे हे एक प्रमुख कारण असून, केळीची लागवड कंद, मुनवे किंवा ऊतिसंवर्धित रोपांपासून करावी लागते. देशी कापसात २६ आणि अमेरिकन कापसात ५२ गुणसूत्रे असल्याने त्यांच्या संकरात ३९ येतात आणि ते रोपही वांझ निघते.

जोडीदार मुळीच नसला तरी हेच घडते. कोइंबतूर येथे रामय्या, पार्थसारथी व रामानुजम यांनी १९३३ मध्ये अवघ्या १२ गुणसूत्रांचे भाताचे रोप आढळल्याची नोंद केली. जोड्याच नसल्याने असे रोप वांझ असते. त्या काळी हे कुतूहल होते, पण आज परागकोशांच्या संवर्धनातून अशी रोपे मुद्दाम मिळवितात व त्यांची गुणसूत्रे दुप्पट करून घेतात. सहा-सात पिढ्यांत मिळणारे स्थैर्य त्यामुळे एकाच पिढीत हाती येते.

संख्या समान असली म्हणजे सर्व सुरळीत होते, असेही मात्र नाही. जपानी व भारतीय प्रकारांच्या भातात दोहोंकडे २४ गुणसूत्रे असूनही त्यांच्या संकरात पळींजाचे प्रमाण पुष्कळ असते. १९५० च्या दशकात कटक येथील केंद्रीय भात संशोधन संस्थेत अशा संकरांचा मोठा कार्यक्रम राबविण्यात आला. जपानचा नोरिन १० आणि कोइंबतूरचा जीईबी २४ यांच्या संकरातून निवडलेला एडीटी २७ हा आडुतुरैचा वाण १९६५ मध्ये आला आणि तंजावर भागातील कुरुवै हंगामात पसरला. (हा नोरिन १० म्हणजे गव्हाला बुटकेपणा देणारा नोरिन १० नव्हे. नोरिन हे जपानी शासनाच्या वाणांना दिले जाणारे सामाईक नाव आहे.)

उसाचे उदाहरण सर्वांत विलक्षण. ‘वेल्लै’ या ८० गुणसूत्रांच्या जाड उसाशी कोइंबतूर येथे रानटी काशाचा संकर करण्यात आला. काशामध्ये ६४ गुणसूत्रे, म्हणजे परागात ३२. अपेक्षित बेरीज ४० अधिक ३२, म्हणजे ७२ होती. प्रत्यक्षात उसाच्या मादीने आपली ८० ही गुणसूत्रे न निमता दिली आणि संकरात ११२ झाली. को २०५ हा प्रसिद्ध वाण या संकरातून निघाला. नियम मोडणाऱ्या अशा संकरांवरच आधुनिक ऊस उभा आहे. या उसाची गुणसूत्रसंख्या पुढे शेतात टिकून राहते ती कांड्यांपासूनच्या लागवडीमुळे, कारण तेथे फक्त सूत्री विभाजन असते.

शेतातील वेळ ओळखणे

अर्धगुणसूत्री विभाजन आणि त्यानंतर लगेच होणारी परागकणांची वाढ हा काळ भाताच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक काळांपैकी एक आहे. या वेळी पाण्याचा ताण पडला, किंवा तापमान सलग काही दिवस १५ ते १९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले, तर गुणसूत्रांची संख्या बिघडत नाही, परंतु पराग अपुरे राहतात आणि पळींज वाढते. लोंबी बाहेर आल्यानंतर पाणी देऊन हे नुकसान भरून येत नाही, कारण पराग घडण्याची वेळ टळलेली असते.

ही वेळ ओळखण्याची रीत सोपी आहे. मुख्य फुटव्याचे शेवटचे पान, म्हणजे ध्वजपर्ण, पाहावे. त्याचे पाते व आवरण जेथे जुळते तो सांधा, खालच्या पानाच्या सांध्याशी साधारण एका पातळीत आला की विभाजन चालू आहे असे समजावे. सांधा अजून खाली असेल तर काही दिवस अवकाश आहे, बराच वर गेला असेल तर विभाजन आटोपले आहे. खाचराच्या चार-पाच जागी दहा-दहा फुटवे पाहिले की अंदाज पुरेसा पक्का होतो. पोटरीपासून फुलोरा संपेपर्यंत खाचरात पाच सेंटिमीटरच्या आसपास पाणी राखावे. कावेरीच्या प्रदेशात यासाठी मेट्टूर धरणाच्या पाळ्यांचे गणित बसवावे लागते. गोंदिया-भंडाऱ्यात सप्टेंबरच्या उत्तरार्धात पावसाने ओढ दिली, तर मामा तलावाचे पाणी कोणत्या खाचराला आधी सोडायचे हे सांध्याची पातळी पाहून ठरविता येते. हळव्या वाणांची खाचरे त्या वेळी बहुधा फुलोऱ्यापुढे गेलेली असतात आणि पहिली पाळी गरव्या वाणांकडे वळवावी लागते.